आधी हात दाखव, मग शब्द

मरोळ गावठाणात एथेल मिस्किटाबद्दल एक गोष्ट शेंबड्या पोरालाही पाठ होती. कंपनीत स्टेनो असताना तिने मॅनेजरच्या टाळक्यात पेपरवेट घातला, त्याला सात टाके पडले आणि तिची नोकरी गेली. सात टाके हे गावठाणातले. आमच्या चाळीपर्यंत येईस्तोवर पेपरवेटचा टाइपरायटर व्हायचा आणि टाके वीस. दूधवाला भैया सांगायचा तेव्हा मॅनेजर गोरा साहेब असायचा. "मेमसाब ने उठाया और दे मारा, साहब वहीं पे खलास!" मला ही गोष्ट तिन्ही आवाजांत यायची आणि कुणी न विचारता मी ती सांगायचे.

खोटी होती. १९८६च्या एप्रिलात माझी दहावीची परीक्षा संपली आणि "घरात बसून लोकांच्या नकला करतेस त्यापेक्षा बोटांना वळण लाव" म्हणत आईने मला एथेल मिसच्या टाइपिंग क्लासात टाकलं. तिसऱ्याच दिवशी मी विचारलं, "मिस, तुम्ही खरंच पेपरवेट मारलेला?"

ओटीवरची सहाही मशीनं थांबली. मिसने चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"पेपरवेट? आमच्या हापिसात पेपरवेट नव्हताच गो. पंखाच नव्हता, तर कागद उडनार कशाने? चल, ए-एस-डी-एफ कर. करंगळी मेलीय तुझी."

मिसने कुणालाही मारलं नव्हतं. तिने राजीनामा दिला होता, तीन ओळींचा, स्वतः टाइप करून. का दिला ते मला महिनाभराने कळलं.

हात उगारणं तिला शोभलंही नसतं. पाच फूट उंची, फुलाफुलांचा फ्रॉक, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल. क्लासात झुरळ निघालं की आमच्या चपला निघायच्या. मिस त्या झुरळाला जुन्या कार्बन पेपरवर चढवून घ्यायची आणि विहिरीपलीकडे सोडून यायची. "तुला काय चावलं ते?" आवाज कधी चढला नाही. नक्कल करायला माणसाचं काहीतरी टोकदार सापडावं लागतं, कुणाचं खाकरणं, कुणाचं 'काय आहे ना' म्हणणं. मी अख्ख्या मरोळची नक्कल करायचे, पण मिसच्या आवाजाला धरायला कुठे कोपराच नव्हता.

क्लास पाचला सुटायचा. साडेपाचला इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या कंपन्या सुटल्या की मिसच्या ओटीवर दुसरीच माणसं यायची. ग्रीसचे हात, खिशात घडी घातलेला इंग्रजी कागद. कुणाला मेमो, कुणाला चार्जशीट. चार्जशीट म्हणजे तुझ्यावर कंपनीचा हा-हा आरोप आहे, अठ्ठेचाळीस तासांत उत्तर दे, नाहीतर काढून का टाकू नये ते सांग. कागद इंग्रजीत, उत्तरही इंग्रजीतच चांगलं, असा सगळ्यांचा समज. मिस उत्तर टाइप करून द्यायची. कुणी बदल्यात सुके बोंबील आणायचं, कुणी नुसतंच "थँक्यू मिस" म्हणायचं.

तिची रीत मात्र वेगळी होती. ती आधी कागद वाचायची आणि त्यातला मारामारीचा एकेक शब्द पेन्सिलीने गोल करायची. अटॅक्ड. अब्यूज्ड. थ्रेटन्ड. मग कागद बाजूला ठेवून म्हणायची, "उठ. आधी हात दाखव, मग शब्द बघू."

म्हणजे तिथेच, ओटीवर, झालं ते करून दाखवायचं. कोण कुठे उभा होता, हात कुठवर गेला, काय बोललास. एकाच्या कागदावर होतं की त्याने कॅन्टीनवाल्यावर अटॅक केला. त्याने करून दाखवलं: ताट सरकवलं होतं, आमटी सांडली होती. मिसने टाइप केलं, ताट सरकवलं, आमटी सांडली. दुसरा एक गरीब चेहऱ्याचा आला, कागदावर फक्त 'आर्ग्यू' केल्याचा मेमो. करून दाखवायला सांगितल्यावर त्याच्या हाताने आपसूक हवेतल्या टाइमकीपरचा कान पिरगळला. मिसने कानही टाइप केला. तो रागारागाने कागद न घेताच गेला.

"मिस, त्याच्या मेमोत कान नव्हताच की," मी म्हटलं.

"माझ्यासमोर आला ना? मंग झालं."

मला हे सगळं बघायला इतकी मजा यायची की मी पाचनंतरही घुटमळायचे. एकदा समोरच्या पार्टीचं काम करायला कुणी नव्हतं म्हणून मिसने मला उभं केलं. मी त्या फोरमनचा आवाज काढला, त्याचं पान खाऊन बोलणं, सगळं. कामगार खो खो हसला आणि हसता हसता खरं बोलून गेला. त्या दिवसापासून मी मिसची कायमची फोरमन, सुपरवायझर, वॉचमन झाले.

ह्या बैठकांमध्येच मी ते इंग्रजी शब्द शिकले. डिक्शनरी होती मिसकडे, पुठ्ठा निघालेली, पण ती उघडायची क्वचित. 'थ्रेट' म्हणजे काय विचारलं की म्हणायची, "उद्याची गोष्ट. उद्या तुला बघतो, बाहेर ये मंग दाखवतो. आज जे झालं ते थ्रेट नसतं, ते झालेलंच असतं." 'इंटिमिडेट'? "समोरचा घाबरला पायजे. तू किती मोठे डोळे केलेस त्याला काय किंमत? घाबरला की नाय ते त्यालाच विचारायचं." 'असॉल्ट'ला ती थोडा वेळ घ्यायची. "मारायला जानं. हात लागो न लागो, मनात मारायचं पायजे." आणि 'अ‍ॅग्रेसिव्ह' शब्दाचा तिला मनापासून राग होता. "हे काय काम हाय? हा सभाव हाय. सभावाला कोन चार्जशीट देतं? मंग माझ्या मामीला पयली द्यायला पायजे होती."

मे महिन्याच्या दुसऱ्या सोमवारी संध्याकाळी ओटीच्या पायरीवर माझा स्वतःचा मामा उभा राहिला.

लवूमामा चौदा वर्षं एस्टेटमधल्या एका पत्र्याच्या कारखान्यात प्रेस मशीनवर होता. बोलला की भांडतोय असं वाटायचं. आमच्या मालवणी लोकांत 'जेवलास काय' हेसुद्धा दुसऱ्या गल्लीत ऐकू जातं. त्या दिवशी मात्र त्याच्या तोंडातून शब्द फुटत नव्हता. मागे शेवंतीमामी, डोळे सुजलेले, आणि मामाच्या मशीनवरचा जोडीदार नंदू.

"मिस," मामा म्हणाला, "माका काढतले."

मिसने कागद घेतला. सुपरवायझर चंद्रप्रकाश यांना शिवीगाळ केली, धमकावलं, दहशत घातली आणि त्यांच्यावर हल्ला केला, अ‍ॅग्रेसिव्ह पद्धतीने. पेन्सिलीचे पाच गोल झाले. पाचही खरे ठरले तर चौदा वर्षं पाण्यात, आणि मामाची दोन पोरं शाळेत.

"काय झालं काय?"

"पंखो," मामा म्हणाला.

मे महिना, वर पत्रे, समोर प्रेस मशीन. शॉपमध्ये, म्हणजे कामाच्या शेडमध्ये, एकच उभा पंखा. चंद्रप्रकाशचे कागद उडत होते म्हणून त्याने पंखा बंद केला. मामाने चालू केला. त्याने बंद केला. असं चारदा झालं, आणि मग जे झालं ते ह्या कागदावर होतं.

"मी तेका हातसुद्धा लावूक नाय, मिस. आवशीची शपथ."

नंदूने खिशातून एक कागद काढला. "मिस, उत्तर रेडी आहे. फक्त टाइप करा. हा आपल्या एस्टेटचा माफीचा कागद. एकदम झकास इंग्लिश आहे."

ह्या कागदाबद्दल मी ऐकलं होतं. कुणीतरी कधीतरी कुठल्यातरी कंपनीत दिलेल्या माफीपत्राची ती नक्कल होती, नकलेची नक्कल. उशिरा आलं तर तोच, ड्युटीवर झोपलं तर तोच, साहेबाला उलट बोललं तर तोच. फक्त नाव आणि तारीख बदलायची. एस्टेटमध्ये ठाम समज होता की साहेबाला इंग्रजीत माफी मागितलेली आवडते, आणि इंग्रजी जितकं जड तितका साहेब लवकर विरघळतो.

मिसने कागद वाचला. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

"नंदू, तू ह्यो दिलास कधी?"

"दोनदा दिलाय! एकदा लेट मार्कला, एकदा डबा मशीनवर गरम केला तेव्हा."

"ह्यात लिवलंय, मी माझ्या वरिष्ठावर हल्ला केला आणि त्याची मला लाज वाटते."

नंदूचं तोंड उघडंच राहिलं. मामी रडता रडता थांबली.

"दोन हल्ले कबूल करून बसलाहेस तू, बाबा. डबा गरम करायसाठी. फायलीत असतील ते."

"आयला," नंदू म्हणाला, आणि खुर्ची नसताना खाली बसला.

मिसने माफीचा कागद उलटा करून ठेवला. "लवू, उठ. हात दाखव. अनू, तू सुपरवायझर."

चंद्रप्रकाशला मी ओळखत होते. मामाचा डबा द्यायला गेटवर जायचे तेव्हा कितीदा ऐकलं होतं त्याला. वाक्य नाकातून सुरू करायचा आणि शेवटी प्रत्येक वेळी 'समझा क्या' लावायचा. मी कानावर पेन्सिल खोचली, कोपऱ्यातल्या मशीनचा खोका म्हणजे पंखा धरला, आणि पोट पुढे काढून उभी राहिले.

"लवू, ये पंखा बंद रहेगा. मेरा पेपर उड़ता है. समझा क्या?"

मामा मोठ्याने हसला. त्या दिवसातलं पहिलंच हसू. मग त्याने खोक्याचं बटण चालू केल्यासारखं केलं. मी बंद केलं.

"तेरे बाप का पंखा है क्या? पसीना नहीं आएगा तो काम क्या करेगा? समझा क्या?"

"मेल्या, हंय माणूस शिजता हा!" मामाचा आवाज चढला. चालू.

"ज्यादा गर्मी है तो गांव जा. समझा क्या?" बंद.

"तुझ्या आवशीक खाव!" मामा गरजला, आणि त्याचा हात आला. त्याने माझं मनगट उडवलं, हात खोक्यावर आपटला, दुसऱ्या हाताने त्याने माझा खांदा ढकलला, आणि मी तीन पावलं मागे जाऊन स्टुलावर बसले. कानावरची पेन्सिल ओटीखाली घरंगळत गेली.

शेजारच्या अंगणात कोंबडी ओरडली.

मामा आपल्या हाताकडे बघत होता. "अनू, लागला काय गो तुका? मी... माका कळूकच नाय."

"लागलं नाही," मी म्हटलं. खरंच लागलं नव्हतं.

"असाच झाला," मामा हळूच म्हणाला. "तेचीपण पेन्सिल पडली."

मिस मशीनवर जाऊन बसली होती. कागद, कार्बन, कागद. "शिवी परत सांग. नीट."

"मिस, बायकांसमोर..."

"मी बाई नाय आता. मी टाइपरायटर हाय. सांग."

मामाने मान खाली घालून सांगितली. मिसने स्पेलिंगचा विचार करून ती टाइप केली. मग तिने विचारलं, "शिवी घातलीस तवा मारायचं होतं?"

"नाय हो! पंखो चालू करूचो होतो."

"उद्या बघतो, बाहेर ये, असं काय बोललास?"

"नाय. मी तर पंख्यासमोर जाऊन उभो रवलंय."

"तो घाबरला?"

मामाने विचार केला. "तो? तो माझ्यापेक्षा हातभर उंच आसा, मिस."

टकटक सुरू झाली. मिस टाइप करता करता मराठीत सांगत गेली. मी आवाज चढवला, हे खरं. मी एक शिवी दिली, ती अशी, हे खरं. मी सुपरवायझरचा हात पंख्यावरून उडवला आणि खांद्याला एकदा धक्का दिला, हे खरं, आणि ते चूक होतं. मी त्यांना मारलं नाही, मारायला गेलो नाही, धमकी दिली नाही.

"थांबा, थांबा!" नंदू उठला. "मिस, धक्का कबूल करताय? वाट लागली! चार्जशीटमध्ये हल्ला लिहिलाय, आपण सरळ नाय म्हणायचं ना. साक्षीदार कोण? मी. मी बोलतो, काय झालंच नाय."

"आत्ता झालं की नाय माझ्यासमोर?"

"मिस, तो खेळ होता!"

शेवंतीमामीने पदर तोंडाला लावला. "मिस, पाया पडतंय. ता एक वाक्य काढा. पोरांका घेऊन मी खंय जाव?"

मला वाटलं मिस काढेल. तिने मशीनवरून हात उचलले आणि मांडीवर ठेवले. मग ती गोष्ट तिने सांगितली, त्याच सपाट आवाजात, जणू दुसऱ्या कुणाची.

ती बावीस वर्षांची होती. अंधेरीतल्या एका कंपनीत स्टेनो. गावठाणातलाच, मागच्या गल्लीतला अर्बन तिथे कामाला होता. एक दिवस अर्बनने टाइमकीपरच्या हातातून आपलं हजेरीचं कार्ड हिसकावून घेतलं. मिसने ते स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. मॅनेजरने चार्जशीट डिक्टेट केली आणि म्हणाला, 'अटॅक्ड' लिही. मिस म्हणाली, सर, हिसकावलं. मॅनेजर म्हणाला, तू स्टेनो आहेस की साक्षीदार? आणि तिने टाइप केलं.

"आट अक्षरं. मी घाबरले नव्हते, काय नव्हते. मला वाटलं, शब्द तर हाय, काय होतंय. आनि अर्बनला कोनीतरी सांगितलं, सगळंच नाकार, कार्ड पन हातात घेतलं नाय म्हन. तो तसा बोलला. टाइमकीपरकडे फाटलेलं कार्ड होतं. मंग बाकीचं पन सगळं खोटं ठरलं त्याचं." तिने कार्बन सरळ केला. "गेली त्याची नोकरी. मंग मी माझा राजीनामा टाइप केला. तो जिकडे गेला तिकडे तो शब्द आधी पोचलेला. आता मढ बेटावर असतो, भावाच्या होडीवर. सनाला येतो गावात. मला हात करतो, बोलतो चांगला. त्याला ठाऊक नाय कोनी टाइप केलेलं."

मग मामीकडे बघून म्हणाली, "मी त्या दिवशी कोनाला हात नाय लावला. पन जे केलं त्याला हल्ला म्हनतात. शेवंती, धक्का लिवू दे मला. धक्का लिवला की हल्ला बसायला जागा राहनार नाय."

मामीने तोंडावरचा पदर काढला. मामाने पुढे होऊन कागदाखाली जिथे सही करायची तिथे बोट ठेवलं. "हंयच ना?"

ते तिघं गेल्यावर मी मात्र तापले होते. माझा मामा होता. माझ्याच नकलेने त्याला फसवलं होतं. मी पेन्सिल खोचली नसती तर तो धक्का बाहेर आलाच नसता.

"मिस, तुम्ही मामाला बुडवलंत. आता चौकशीत तो चंद्रप्रकाश उठून सांगणार, मारा मेरे को, जोर से मारा. तुम्ही त्याला आयतं दार उघडून दिलंत."

"नाय सांगनार."

"मी ओळखते त्याला! हुबेहूब बोलते मी त्याच्यासारखी. असला माणूस सोडतो होय?"

"आवाज हाय तुझ्याकडे," मिस म्हणाली. "मानूस नाय."

हे मला झोंबलं. "लावा पैज!"

"लावली."

मला वाटलं होतं ती हसून सोडून देईल. "मी जिंकले," मी म्हटलं, "तर तुम्ही एकदा, फक्त एकदा, मोठ्याने ओरडून दाखवायचं. ह्याच ओटीवरून. गावठाण हादरलं पाहिजे."

"बरं. आनि मी जिंकले तर?"

"काय पाहिजे ते."

मिसने अंगणाकडे बघितलं. "माझा वर्साचा बाटलीचा मसाला कुटायचाय. मिरच्या वाळून तयार हायत. कुटायला बाय येते, तिला यंदा नको म्हनते. तू कुट."

मसाला म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. आमच्याकडे मसाला गिरणीतून दळून येतो.

चौकशी पुढच्या गुरुवारी झाली, कंपनीच्या केबिनमध्ये. कंपनीने बोलावलेले एक वकील टेबलामागे, मामाच्या बाजूला मदतनीस म्हणून नंदू. बाहेरच्या माणसाला आत घेत नाहीत, म्हणून मिस घरी आणि मी गेटवर. नंदू बाहेर आला तो घामाने भिजलेला, आणि मला बघताच बोलायला लागला. मी त्याला चाळीपर्यंत तीनदा सांगायला लावलं, आणि संध्याकाळी मिसच्या ओटीवर अख्खी चौकशी सगळ्या आवाजांत करून दाखवली, कारण नंदूला आवाज काढता येत नाहीत.

वकिलांनी मामाचं उत्तर हिंदीत वाचून दाखवलं. आवाज चढवला, शिवी दिली, हात उडवला, धक्का दिला. चंद्रप्रकाश हातात दोन पानं धरून आला होता; ऑफिसने त्याला तयार करून आणलं होतं की हा सगळं नाकारेल, मग तू असं सांग, तसं सांग. उत्तर ऐकता ऐकता त्याने ती पानं घडी करून खिशात घातली.

"हां तो बताइए, क्या हुआ था?" वकील म्हणाले.

"जो उसने लिखा है, वही हुआ साहब."

"उसने आपको मारा?"

"धक्का दिया. मैंने पहले दिन यही बोला था ऑफिस में. मारा किसने लिखा, मेरे को नहीं मालूम. मेरे को इंग्लिश में साइन करने को बोला, मैंने किया."

"धमकी दी?"

"नहीं. गाली दी. एक. उसका मतलब मेरे को अभी समझा."

"आप डर गए थे?"

नंदू म्हणतो इथे चंद्रप्रकाशने मामाकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "डर? इससे? साहब, गर्मी बहुत थी." आणि मग, कुणी विचारलं नसताना, "पंखा मैंने बंद किया था."

एकदाही 'समझा क्या' म्हणाला नाही. मी नंदूला खोदून खोदून विचारलं. नाही म्हणजे नाही.

आठवड्याने मामाला पत्र आलं. हल्ला, धमकी, दहशत सिद्ध झालेली नाही. धक्का आणि शिवीबद्दल चार दिवस घरी बसणं आणि एक लेखी समज. पाचव्या दिवशी मामा कामावर होता. त्याच्या शॉपमध्ये आता दोन पंखे आहेत. दुसरा चंद्रप्रकाशने कुठल्याशा स्टोअरमधून शोधून आणला, आणि तो स्वतःच्या टेबलापासून लांब, मशीनकडे तोंड करून लावला. नंदू एस्टेटभर फिरून माफीच्या कागदाच्या नकला गोळा करत होता. चौतीस सापडल्या. मिस म्हणाली, मागची बाजू कोरी आहे, क्लासच्या पोरींना प्रॅक्टिसला होतील.

आणि रविवारी सकाळी आठ वाजता मी मिसच्या अंगणात उखळापुढे उभी होते.

गिरणीचा मसाला वेगळा आणि हा वेगळा. भाजलेल्या मिरच्या, धणे, तीळ, खसखस, आणखी वीस-पंचवीस जिन्नस, एकेक घाणा उखळात घालायचा आणि माझ्या खांद्याएवढ्या मुसळाने कुटत राहायचं. दहाव्या घावाला पहिली शिंक आली. त्यानंतर मोजल्या नाहीत. नाकातून, डोळ्यांतून पाणी. ते पुसायला हात लावला आणि हाताला तिखट होतं. मामी मला बघायला म्हणून आली होती, तिला दया आली. "मिस, मी कुटतंय अर्दा. पोरगी मरात."

"नाय. पैज हिची हाय," मिस चाळणी हलवत म्हणाली. "अनू, वरून नको टाकू, सरळ सोड. तू काय मारतेस त्याला? कुटायचंय फक्त."

मी सरळ सोडलं. खरंच हलकं गेलं.

मिस चाळलेला मसाला बियरच्या रिकाम्या बाटल्यांत भरत होती, काठीने ठोकून ठोकून, मध्ये हवा राहू नये म्हणून. चर्चची बाराची घंटा झाली तेव्हा मी नऊ बाटल्या हरले होते, आणि मिसने दहावी धुऊन उन्हात ठेवली.